वाचकांचे प्रश्न : तुटलेले रबरी आमिष पुन्हा जोडताना

प्रश्न : मी दिवाडी बेटावर राहतो आणि संध्याकाळी मांडवीच्या काठावर गरीने मासे पकडतो. घरीच साच्यात प्लॅस्टिसोल ओतून चार इंची सॉफ्ट प्लास्टिक आमिषे तयार करतो. चोणक मासा एकदा झेपावला की आमिष जिग हेडपाशी, म्हणजे गळाच्या शिशाच्या डोक्यापाशी, फाटते आणि केंड मासा तर शेपटीच कुरतडून नेतो. फेव्हिक्विकने जोडलेली शेपटी पाचसहा फेकींतच सांध्याच्या शेजारी पुन्हा तुटते. ही आमिषे टिकाऊपणे जोडता येतात का?

उत्तर : जोडता येतात, परंतु त्यासाठी गोंद बाजूला ठेवून उष्णतेचा आधार घ्यावा लागेल. प्लॅस्टिसोल म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव यांचे मिश्रण. ते सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की भुकटी द्रवात विरघळून एकजीव होते आणि थंड झाल्यावर त्याचे मऊ, लवचीक प्लास्टिक बनते. तुटलेले दोन पृष्ठभाग पुन्हा तेवढे तापवून एकमेकांवर दाबले, तर तेही तसेच एकजीव होतात. याउलट फेव्हिक्विकसारखा सायनोअक्रिलेट गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. मऊ शेपटी हलताना सगळा ताण त्या कडक पट्टीच्या कडेवर येतो, आणि म्हणूनच आपले आमिष सांध्यात न तुटता सांध्याच्या शेजारी तुटते.

प्रथम दोन्ही तुकडे साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण मीठ, माशाची बुळबुळ किंवा वासाचे तेल राहिले तर सांधा धरत नाही. कुरतडलेली टोके धारदार पात्याने सरळ कापून ताजा, सपाट पृष्ठभाग उघडा करावा. मग एक जुनी, पातळ पात्याची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर तापवावी. मेणबत्ती टाळावी, तिची काजळी सांध्यात काळी रेघ होऊन बसते. सोल्डरिंग आयर्नचे टोक साधारणपणे गरजेपेक्षा कितीतरी अधिक तापते, म्हणून मी ते वापरत नाही. सुरी आधी टाकाऊ तुकड्यावर टेकवून पाहावी : धूर निघाला किंवा प्लास्टिक पिवळसर झाले, तर ती थोडी निवू द्यावी. आता पाते मध्ये धरून दोन्ही तुकडे त्याच्या दोन बाजूंना हलकेच टेकवावेत. दोनतीन सेकंदांत कडा अशा चकाकू लागतात, जणू त्यांवरून तेलाचे बोट फिरवले आहे. हाच क्षण महत्त्वाचा असतो. पाते बाजूने सरकवून काढावे, त्याच दमात तुकडे सरळ रेषेत दाबावेत आणि अर्धा मिनिट अजिबात हलवू नयेत. त्यानंतर सुरीचे थोडे निवलेले, पण अजून गरम असलेले टोक सांध्याभोवती एकदा फिरवून फट मिटवावी आणि पाण्यात बुडवण्यापूर्वी सांधा काही मिनिटे निवू द्यावा.

सांधा कुठे घ्यावा, याचा विचार मात्र सुरी तापवण्याआधीच करायला हवा. पॅडल टेलची, म्हणजे वल्ह्यासारख्या शेपटीच्या आमिषाची, शेपटी थरथरते ती तिच्या बारीक मनगटामुळे, म्हणजे शेपटीच्या आधीच्या निमुळत्या भागामुळे. सांधा तिथेच घेतला, तर प्लास्टिक जाड होऊन ती थरथर जाते आणि चोणकाला फसवणारी हालचालच उरत नाही. म्हणून मनगट तुटले असेल, तर मागचे अंग जाड भागापर्यंत कापून टाकावे आणि दुसऱ्या मोडक्या आमिषाचा मनगटासकट मागचा भाग तिथे जोडावा. दोन मोडक्यांतून एक चांगले आमिष मिळते, आणि रंग वेगळे असले तरी फारसे बिघडत नाही.

जिग हेडपाशी फाटलेल्या नाकासाठी टाकाऊ आमिषाच्या प्लास्टिकचा वितळलेला थेंब भोकात सोडावा. गळ पुन्हा ओवल्यावर मात्र शिशाच्या डोक्याला टेकणाऱ्या जागी फेव्हिक्विकचा एक थेंब उपयोगी पडतो. तिथे आमिष वाकत नाही, त्यामुळे कडकपणा आड येत नाही.

बाजारातील काही आमिषे टीपीई नावाच्या वेगळ्या द्रव्याची असतात. ती कितीतरी पट ताणली जातात आणि बहुतेक वेळा पाण्यावर तरंगतात. त्यांचा तुकडा पीव्हीसीला जोडू नये. तो धरत नाही.

हे काम स्वयंपाकघरात करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पीव्हीसी जळू लागले की नाकाला झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. काम उघड्या पडवीत करावे आणि भांडे, सुरी पुन्हा जेवणासाठी वापरू नयेत. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात साच्यावर दमटपणा धरतो. ओलसर साच्यात ओतलेले प्लास्टिक एकदा माझ्या मनगटावर उडाले होते. तो डाग अजून आहे. तेव्हापासून साचा उन्हात किंवा दिव्याजवळ सुकवल्याशिवाय मी ओतत नाही.

प्रश्न : पारदर्शक कडक डब्यात ठेवलेली आमिषे डब्यालाच चिकटून बसली. ती वाकडीही झाली आहेत. आता काय करावे?

उत्तर : प्लॅस्टिसायझरने त्या डब्याचे पॉलिस्टायरीन मऊ केले आहे, डबा टाकून द्यावा. यापुढे आमिषे पॉलिथीनच्या पिशवीत, आडवी व सरळ ठेवावीत, आणि टीपीईची वेगळ्या पिशवीत. वाकडी झालेली आमिषे गॅसवरून उतरवलेल्या कडक पाण्यात मिनिटभर बुडवून, सरळ धरून गार पाण्यात सोडली की बहुतेक पूर्ववत होतात.