बस वेळेच्या आधीच निघून गेली, तर तक्रार करायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून कोरेगावच्या दिशेनं जाणारी संध्याकाळची बस तुमच्या फाट्यावर कधी वेळेवर येते, तर कधी पाच-सात मिनिटं आधीच निघून जाते. स्थानकावर विचारलं की ‘गाडी वेळेवरच सुटली’ असं उत्तर मिळतं. मग खोटं कोण बोलतंय, आणि यावर काही करता येतं का?

खोटं कुणीच बोलत नाही, हीच खरी अडचण आहे. मी याच रस्त्यानं नोकरीला जातो-येतो आणि माझे थोरले चुलते ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. त्यामुळे या विषयावर आमच्या घरात बरीच भांडणं झाली आहेत. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

स्थानकातल्या फलकावर जी वेळ लिहिलेली असते ती फक्त तिथून सुटण्याची असते. कंट्रोलर नोंद करतो ती गाडी त्याच्या स्थानकात आली कधी आणि सुटली कधी, एवढीच. गाडी साताऱ्यातून बरोबर वेळेला सुटली आणि कोरेगाव स्थानकात तिची एन्ट्री झाली की कागद पूर्ण. मधे संगम माहुली, त्रिपुटी आणि सगळे फाटे येतात, पण तिथं कुठलीच वेळ लिहिलेली नाही. तुम्ही जी ‘सव्वासहाची गाडी’ म्हणता ती सव्वासहाची आहे हे तुम्ही आणि फाट्यावरच्या चार माणसांनी रोजच्या सवयीनं ठरवलेलं आहे. कागदावर मधल्या थांब्याला वेळच नाही, म्हणजे तिथून गाडी ‘आधी गेली’ असं म्हणायलाही जागा नाही.

आता ती पुढे का पळते ते बघा. एका फेरीला लागणारा वेळ वर्षभरासाठी एकच धरलेला असतो, पण आपला रस्ता वर्षभर एकसारखा नसतो. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात आणि बस त्यांच्यामागे रांगत येते. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की त्या बाजूच्या गाड्यांचं वेळापत्रक विसरायचं. तेच एप्रिल-मेमध्ये कारखाने बंद आणि शाळा-कॉलेज बंद. पासवाली पोरं चढत नाहीत, निम्म्या थांब्यांवर ब्रेक लावायचं कारणच उरत नाही. त्यात सातारा-लातूर महामार्गाच्या कामानं रस्ता रुंद झाला. तुमच्या फाट्यावर गाडी लवकर येते ते बहुतेक अशाच दिवसांत. दोन आठवडे तारखा टिपून ठेवल्यात तर तुमचं तुम्हालाच दिसेल.

तिकिटं फाडायलाही वेळ लागतो, हे आपण धरत नाही. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. 75 च्या पुढच्यांना त्याआधीच प्रवास मोफत झाला होता, तरी शून्य रुपयांचं का होईना, तिकीट त्यांनाही द्यावंच लागतं आणि ओळखपत्र बघावं लागतं. बाजाराच्या दिवशी गाडी भरली की कंडक्टर मागच्या सीटपर्यंत पोचेस्तोवर दोन गावं जातात. उलट गर्दी नसली की हे सगळं वाचतं.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा समजली. गाडी एकदा पुढे गेली की ती आणखी पुढेच जात राहते. पाच मिनिटं आधी थांब्यावर पोचली तर तिथं माणसं अजून जमलेलीच नसतात. चढायला कुणी नाही, म्हणजे थांबायचं कारण नाही, म्हणजे पुढच्या थांब्यावर ती सात मिनिटं आधी. उशीर झालेल्या गाडीचं याच्या उलट: थांब्याथांब्यावर ज्यादा माणसं साचलेली, त्यांना चढवता चढवता ती अजून मागे पडते. वडापवाले, म्हणजे सीटं भरून नेणारे खासगी जीपवाले, यात भर घालतात. ते बसच्या दहा मिनिटं पुढे निघून थांबे झाडून नेतात. मागून येणाऱ्या बसला रस्ता आणि थांबे दोन्ही रिकामे मिळतात.

अण्णांना (चुलत्यांना) मी विचारलं होतं, की मग मधे कुठंतरी पाच मिनिटं उभं राहायला काय होतं? ते म्हणाले, ‘तू उभा करून बघ. मागून ओरडतात, चला की ओ ड्रायव्हर, मुक्काम करताय काय!’ हे खरं आहे. फाट्यावर उभा असलेला माणूस गाडी आधी गेली म्हणून शिव्या घालतो, आणि तोच आत बसलेला असला की ती थांबली म्हणून घालतो. मला यात ड्रायव्हरचा पुळका नाही. शेवटच्या फेरीला घरची घाई असतेच, आणि थांब्यावर कुणी दिसत नाही म्हणून वेग कमी न करणारेही आहेत. पण सगळा राग त्यांच्यावर काढून गाडीची वेळ सुधारणार नाही.

आणि राग यावा अशीच ही गोष्ट आहे, हेही लिहून ठेवतो, कारण ‘पाच मिनिटांनी काय बिघडतं’ म्हणणारे इथंही उत्तरं देतील. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर तुमची दहा मिनिटं जातात. पाच मिनिटं आधी गेली तर मात्र पुढची येईपर्यंतचा सगळा वेळ जातो. आतल्या रस्त्याला तो दीड-दोन तासही असतो, आणि शेवटची गाडी असली तर वडापला मागेल ते द्यायचं. शिवाय वर ऐकून घ्यायचं की ‘तूच उशिरा गेला असशील’. इंग्लंडमध्ये बसच्या वक्तशीरपणाचं मोजमापच या हिशोबानं केलेलं आहे. ठरलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीपासून साधारण सहा मिनिटं उशिरापर्यंत सुटली तर ती वेळेवर. उशिराला सहा मिनिटांची सूट, लवकरला एकाच मिनिटाची. लांब कशाला, आपल्या माहुलीच्या सातारा स्टेशनवर कोयना एक्सप्रेस वेळेआधी आली तरी सुटायची वेळ झाल्याशिवाय ती हलत नाही. आतले प्रवासी कुरकुरत नाहीत, कारण रेल्वेला तसंच असतं हे सगळ्यांना माहीत आहे.

आता तक्रारीचं. ‘तुमची गाडी लवकर गेली’ असं लिहून दिलंत तर उत्तर ठरलेलं आहे: नोंदीप्रमाणे गाडी वेळेवर सुटली. आमच्या शेजारच्या गावानं एका आगारात असा अर्ज दिला होता, त्यांना हेच छापील उत्तर आलं. तुमच्याकडे पुरावाही नसतो, कारण ज्याची गाडी चुकली त्याच्याकडे तिकीट कुठलं? वाहकाकडची तक्रार वही मागायची म्हटलं तर वाहकच गाडीबरोबर गेलेला.

पण तिकीट दुसऱ्या कुणाकडे तरी असतंच. मशीनमधून निघणाऱ्या त्या पातळ कागदावर तारीख, कुठून कुठे आणि किती वाजता हे सगळं छापलेलं असतं. तुमच्या फाट्याच्या अलीकडच्या गावातून त्याच गाडीत चढलेल्या ओळखीच्या माणसाला त्या तिकिटाचा फोटो पाठवायला सांगा. लगेच काढायला सांगा, कारण शाई फिकी पडते आणि खिशात घामानं तर अक्षर दिसत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे असे काही फोटो जमले की गाडी तुमच्या भागातून किती वाजता गेली हे त्यांच्याच मशीननं सांगितलेलं असतं. त्यावर वाद घालता येत नाही.

अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, शक्यतो ग्रामसभेचा ठराव जोडून, आगार व्यवस्थापकाच्या नावानं द्या आणि प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घ्या. आगार कोणतं हे नंबर प्लेटवरून ठरवू नका. एमएच-14 किंवा एमएच-20 अशा गाड्या साताऱ्यातही धावतात, कारण त्या दापोडीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कार्यशाळेत बांधून तिथंच पासिंग झालेल्या असतात. आगाराचं नाव गाडीवरच रंगवलेलं असतं, ते बघा.

मागणीही नेमकी करा. ड्रायव्हर-कंडक्टरवर कारवाई मागितलीत की आगार त्यांच्या बाजूनं उभं राहणार, आणि ते स्वाभाविक आहे. त्यापेक्षा दोनच गोष्टी मागा: तुमच्या फाट्याची वेळ ठरवून ती चालक-वाहकाला ड्युटी देतानाच लिहून द्यावी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ही फेरी स्थानकातून पाच मिनिटं उशिरा सोडावी. दुसरी गोष्ट आगाराच्या पातळीवर पटकन होण्यासारखी वाटते. पहिलीसाठी मागे लागावं लागेल.

तोवर अलीकडच्या गावात कुणीतरी फोन उचलणारं ठेवा. आमच्याकडे एका किराणा दुकानदाराला संध्याकाळी तेवढंच काम असतं, ‘गाडी गेली का हो?’ एवढं विचारलं की तो शटरमधून डोकं बाहेर काढून बघून सांगतो.