मूर, ॲमडाल, शॅनन यांचे नियम प्रत्यक्ष कामात वापरता येतात का?

तुम्ही विचारलंय की संगणक आणि दूरसंचाराच्या अभ्यासात येणारे हे नियम फक्त परीक्षेपुरते आहेत की त्यांनी खरंच काही मोजता येतं, आणि मूरचा नियम ‘संपला’ असेल तर बाकीचेही संपले का.

सगळा घोळ ‘नियम’ या एका शब्दामुळे होतो. ॲमडाल, शॅनन आणि लिटल यांचे नियम गणिताने सिद्ध होतात, त्यांची गृहीतकं पाळली तर ते मोडत नाहीत. मूरचा नियम हे एक निरीक्षण होतं. ब्रूक्स आणि पोस्टेल यांचे नियम म्हणजे अनुभवी माणसांचे सल्ले. आकडे घालून उत्तर मिळतं ते पहिल्या तिघांत, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो.

ॲमडाल (१९६७). कामाचा काही भाग अनेक कोअरवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) वाटता येतो, उरलेला एकामागून एकच करावा लागतो. वाटता येणारा भाग ‘प’ आणि कोअरची संख्या ‘न’ धरली तर:

वेगवाढ = १ ÷ ((१ − प) + प ÷ न)

९५ टक्के काम वाटता येत असेल तर ८ कोअरवर वेग ५.९ पट होतो, १६ वर ९.१ पट, ६४ वर १५.४ पट. कोअर कितीही वाढवले तरी २० पटीच्या पलीकडे जाता येत नाही, कारण उरलेल्या ५ टक्क्यांना लागणारा वेळ तसाच राहतो.

‘प’ कुठून आणायचा? बहुतेक जण तो अंदाजाने धरतात आणि तिथेच फसतात. तो मोजायचा असतो. समजा प्रोग्रामला एका कोअरवर १०० सेकंद लागले आणि ४ कोअरवर ४०. वेगवाढ २.५. आता न वाटता येणारा भाग असा काढा:

(१ ÷ वेगवाढ − १ ÷ न) ÷ (१ − १ ÷ न) = (०.४ − ०.२५) ÷ ०.७५ = ०.२

म्हणजे २० टक्के काम वाटता येत नाही आणि कमाल वेगवाढ ५ पट. याला कार्प-फ्लॅट मापन म्हणतात आणि मला ते मूळ सूत्राहून जास्त कामाचं वाटतं, कारण ते रोगाचं निदान करतं. हेच गणित ८ आणि १६ कोअरवर पुन्हा करा. उत्तर ०.२ च्या आसपासच राहिलं तर कोडमध्ये खरोखरच क्रमाने चालणारा भाग आहे, तो शोधून तोडायला हवा. उत्तर वाढत गेलं तर दोष लॉकसाठी (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपासाठी) ताटकळणाऱ्या थ्रेडचा, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांचा, कोअरमधल्या देवाणघेवाणीचा किंवा मेमरीतून डेटा आणण्याच्या अपुऱ्या वेगाचा असतो. अशा वेळी कोड आणखी तुकड्यांत वाटला तर परिस्थिती बिघडू शकते.

मोजताना एक काळजी घ्या. एकच कोअर चालू असताना प्रोसेसर आपला क्लॉक (कामाची गती) वाढवतो, सगळे कोअर चालू झाले की उतरवतो. त्यामुळे एका कोअरचा वेळ फसवा चांगला दिसतो. क्लॉक एका जागी बांधून घ्या आणि प्रत्येक मोजणी चार-पाच वेळा करून मधला आकडा घ्या.

गुस्ताफसनने १९८८ मध्ये याची दुसरी बाजू मांडली: कोअर वाढले की लोक तेच काम लवकर उरकत नाहीत, जास्त मोठं काम हाती घेतात. दोन्ही बरोबर आहेत. कामाचा आकार ठरलेला असेल तर ॲमडाल, वेळ ठरलेला असेल तर गुस्ताफसन.

शॅनन (१९४८). नॉइज असलेल्या वाहिनीतून जवळजवळ शून्य चुकांसह जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, याची ही मर्यादा:

क्षमता = बँडविड्थ × लॉग (१ + सिग्नल ÷ नॉइज), लॉगचा पाया २; बँडविड्थ म्हणजे वापरलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी

पहिली नेहमीची चूक म्हणजे सिग्नल-नॉइज गुणोत्तराचा डेसिबलमधला आकडा तसाच सूत्रात घालणे. २० डेसिबल म्हणजे १०० पट, ३० डेसिबल म्हणजे १००० पट. २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ आणि २० डेसिबल असताना क्षमता सुमारे १३३ मेगाबिट प्रतिसेकंद येते.

आता प्रक्षेपणाची शक्ती दुप्पट करा: क्षमता १५३ वर जाते, बस्स. त्याऐवजी शक्ती तीच ठेवून बँडविड्थ दुप्पट करा. इथे दुसरी चूक होते, लोक क्षमताही सरळ दुप्पट धरतात. पट्टा रुंदावला की त्यात नॉइजही दुप्पट शिरतो, म्हणून गुणोत्तर १०० वरून ५० होतं आणि क्षमता सुमारे २२७ मेगाबिट येते. तरीही शक्ती वाढवण्यापेक्षा हा सौदा कितीतरी चांगला. कंपन्या स्पेक्ट्रमसाठी (रेडिओ वारंवारतांच्या पट्ट्यांसाठी) एवढ्या का झगडतात ते या दोन आकड्यांत दिसतं.

हाच हिशेब जुन्या टेलिफोनच्या तारेला लावा: ३१०० हर्ट्झ आणि ३५ डेसिबल धरले तर सुमारे ३६ किलोबिट. मोडेम ३३.६ किलोबिटवर थांबले ते याच भिंतीमुळे. नंतरचे ५६ किलोबिटचे मोडेम भिंत तोडून गेले नाहीत. सेवा देणाऱ्याची बाजू पूर्ण डिजिटल झाल्याने त्या दिशेचा एक रूपांतराचा टप्पा, आणि त्यातला नॉइज, निघून गेला.

लिटल (१९६१). सर्व्हर सांभाळणाऱ्याला रोज लागणारा नियम हा, आणि नेमका तोच कमी माहीत असतो. आत असलेल्या विनंत्या = येण्याचा दर × प्रत्येकीचा सरासरी वेळ. सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीत डेटाबेसचं कनेक्शन ०.२५ सेकंद अडकतं, तर सरासरी ५० कनेक्शन सतत वापरात राहतील. पूल (तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) ४० चा ठेवला तर सेकंदाला १६०च विनंत्या बाहेर पडतील, बाकीच्यांची रांग वाढत जाईल आणि थोड्या वेळात टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत संपून विनंत्या फसणं) सुरू होतील. पूल नेमका ५० चा ठेवणंही चूक, कारण ५० ही सरासरी आहे. विनंत्या लाटांनी येतात, मोकळी जागा हवीच. मिलिसेकंद आणि सेकंद यांची गल्लतही सांभाळा.

मूर. १९६५ मध्ये त्याने चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील असं म्हटलं आणि १९७५ मध्ये ते दर दोन वर्षांनी असं बदललं. हा नियम वेगाबद्दल नव्हताच. क्लॉकचा वेग वाढत होता तो डेनार्डच्या १९७४ च्या तत्त्वामुळे: ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणून तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. २००५ च्या सुमारास गळतीचा विद्युतप्रवाह एवढा वाढला की व्होल्टेज आणखी उतरवता येईना. आधी संपलं ते हे. कोअर वाढवावे लागले ते त्यामुळेच, आणि म्हणून ॲमडालचं सूत्र आज पूर्वीपेक्षा जास्त लागतं.

सल्ले. ब्रूक्स म्हणतो, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० असतात, १० जणांत ४५.

पोस्टेलचा सल्ला (१९८०), पाठवताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार राहा, मी आज जपून वापरायला सांगेन. एकाच एचटीटीपी (वेबच्या) विनंतीत लांबी दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेली असेल आणि पुढचा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) एक मानत असेल, मागचा सर्व्हर दुसरी, तर हल्लेखोर त्या फटीतून आपली विनंती दुसऱ्याच्या विनंतीला चिकटवून आत सरकवतो. अशी संदिग्ध विनंती दुरुस्त करत बसू नका. ४०० चा (‘विनंती चुकीची आहे’ असा) प्रतिसाद द्या आणि कनेक्शन बंद करा.