कोषावरचा डिंक आणि लेकीचं करिअर

मोहोळ तालुक्यातल्या एका रेशीम उत्पादक शेतकऱ्यांचं पत्र आहे. मुलगी सोलापुरात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोषातल्या सेरिसिनवर प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या, पुढेही तेच करायचं, असं ती म्हणते. ‘यात पोट भरेल का, की बी.एड. करायला लावू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार दादा,

लेकीच्या डोक्यात खूळ शिरलेलं नाही. रेशमाच्या धाग्यावरचा चिकट थर म्हणजे सेरिसिन. कोषाच्या कवचात त्याचा वाटा साधारण पाव असतो. धागा मऊ करताना तो सोडा-साबणाच्या पाण्यात उकळून निघतो आणि बहुतेक वेळा सांडपाण्यात जातो.

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना माध्यमात, म्हणजे त्यांच्या पोषक द्रवात, सहसा 10 टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालतात. तो गाभण गाय कापल्यावर गर्भातल्या वासराच्या रक्तातून मिळतो. महाग असतो, शिवाय प्रत्येक बॅच वेगळी. म्हणून पर्यायांचा शोध चालू आहे. 2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की सेरिसिन घातल्यावर सस्तन प्राण्यांच्या काही पेशी जोमाने वाढतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, तापवूनही त्याचा गुण टिकतो. सीरम तसा तापवला तर वायाच जातो.

मात्र साबणाचं ते सांडपाणी पेशींना चालत नाही. सेरिसिन साध्या पाण्यात, दाबाखाली उकळून काढावं लागतं. पद्धत बदलली की प्रथिनाचे तुकडे लहान-मोठे होतात, निकालही बदलतो. प्रमाण जास्त झालं तर पेशी मरतात. मला वाटतं, काढण्याची पद्धत हाच तिच्या प्रोजेक्टचा विषय असावा. कोष कोणत्या जातीचे, कोणत्या पिकाचे, हे तिला घरीच कळतं. हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळतं.

आता पोटाचं. सेरिसिनच्या नावाने नोकरी निघत नाही. नोकरी मिळते ती पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम, हाताला असलेल्या माणसाला. लसी आणि अँटीबॉडी औषधं बनवणाऱ्या कंपन्यांत हे काम रोजचं आहे. त्यासाठी एम.एस्सी. हवीच. तिला गॅट-बी आणि आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांची तयारी आत्तापासून करू द्या. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि म्हैसूरची केंद्रीय रेशीम संशोधन संस्था ही नावं तिला सांगा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं. आत्ता त्यासाठी तिला थांबवू नका.

कॉलेजात कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर (पेशी उबेत वाढवण्याची पेटी) नसेल, तर सेरिसिन काढणं आणि मोजणं तिथे करावं, पेशींचं काम विद्यापीठात जमतं का ते विचारावं. आणि तुम्ही तिला कोष द्याल तेव्हा कापून, आतला प्यूपा काढून द्या. त्याची प्रथिनं मिसळली तर मोजमाप चुकतं.