दारा सिंग यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या का, आणि कुस्ती सोडल्यावर त्यांचं पुढे काय झालं?

तुम्ही लिहिलंय की भाचा डब्ल्यूडब्ल्यूई बघून पैलवान व्हायचं म्हणतोय आणि घरात कुणीतरी त्याला सांगितलं की दारा सिंगसुद्धा नाटकच करायचे. तर थोडक्यात उत्तर असं की कुस्त्या बऱ्याचशा ठरवलेल्या असायच्या पण माणूस शंभर टक्के खरा पैलवान होता. आता सविस्तर लिहितो कारण हा माझ्या फार आवडीचा विषय आहे.

मी कुडाळकडचा. आमच्या कोकणात तालमी जवळपास नाहीतच, खरा पैलवान बघायचा तर घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं. तरीपण दारा सिंग आमच्याकडे घरोघरी माहीत होते ते चाकरमान्यांमुळे. माझे थोरले काका लालबागला मिलमध्ये होते, ते आणि त्यांच्या खोलीवरचे सगळे वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्री स्टाइल कुस्ती बघायला जायचे आणि गणपतीला गावी आले की भजन आटपल्यावर रात्री उशिरापर्यंत तोच विषय, किंग काँग नावाच्या पैलवानाला दारा सिंगनी कसा उचलला, कसा गरगर फिरवला. एकदा कुणीतरी म्हणालं की काका ते सगळं खोटं असतं, तर काका चिडून म्हणाले, "खोटा असा तर घाम खरो कसो येता रे?"

काकांचं बरोबरच होतं. आमचा दशावतार बघा ना, शेवटी राक्षस मरणार हे जत्रेला आलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, पण म्हणून रात्रभर उभं राहून संवाद स्वतःच्या मनाने रचणारा आणि पहाटे तलवार घेऊन नाचणारा नट खोटा होत नाही. व्यावसायिक कुस्ती तशीच असते, कोण जिंकणार ते प्रमोटर आणि पैलवान आधी ठरवतात, मग तीच जोडी गावोगाव फिरते, एक आपला हिरो आणि एक परदेशी व्हिलन. किंग काँग म्हणजे एमिल झाया, मूळचा हंगेरीचा, वजन २०० किलोच्या आसपास. तो स्वतः थोडी साथ देत असेल असं धरलं तरी एवढं वजन अंगावर घेऊन फिरवायचं आणि दोघांपैकी कुणाची मान मोडू द्यायची नाही, हे करून दाखवायला खरीच ताकद लागते. मात्र ५०० कुस्त्यांत एकदाही हरले नाहीत असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, त्याला जाहिरात समजा, निकालच ठरलेला असेल तर न हरण्याचा हिशोब कसला मांडायचा.

खरे पैलवान होते असं मी का म्हणतो, तर १९२८ ला अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावात जन्म, तिकडच्या मातीत मेहनत, मग १९४७ च्या सुमारास सिंगापूरला गेले आणि ड्रम बनवायच्या कारखान्यात नोकरी करता करता कुस्ती शिकले. १९५४ ला रुस्तुम-ए-हिंद हा भारतातल्या अव्वल पैलवानाचा किताब, १९५९ ला कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएंकोला हरवून कॉमनवेल्थ चॅम्पियन. आणि २९ मे १९६८ ला मुंबईत लू थेझ. हा थेझ अमेरिकेचा मोठा चॅम्पियन, त्यावेळी वय ५२, पण अंगात खरी कुस्ती असलेला आणि तिचा कमालीचा अभिमान असलेला माणूस, नुसत्या देखाव्याच्या पैलवानांबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. त्याने दारा सिंगना अस्सल पैलवान मानलं आणि त्यांच्याकडून हरायला त्याची हरकत नव्हती. माझ्या दृष्टीने हे सर्टिफिकेट कुठल्याही बेल्टपेक्षा मोठं आहे.

आता पुढचं आयुष्य. बहुतेक पैलवानांचं काय होतं, अंग थकलं की खुराक परवडत नाही, गुडघे जातात आणि दुसरं काही येत नसतं. दारा सिंगनी दुसरं काम पहिलं चालू असतानाच उभं केलं. १९६२ ला हिरो म्हणून सिनेमा आला तेव्हा ते कुस्तीच्या ऐन भरात होते, मोठ्या हिरॉइनी त्यांच्याबरोबर काम करायला तयार नसायच्या तर नवख्या मुमताजबरोबर केलं आणि एक दोन नाही १६ सिनेमे केले. पुढे मोहालीला स्वतःचा स्टुडिओ काढला. रिंगणातून शेवटचा निरोप घेतला १९८३ ला दिल्लीत, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर.

आणि मग १९८७ ला टीव्हीवर रामायण. तेव्हा ते साठीला टेकले होते आणि हनुमान करत होते! आमच्या वाडीत एकच टीव्ही, रविवारी सकाळी खळ्यापर्यंत माणसं, म्हाताऱ्या चपला बाहेर काढून बसायच्या, हनुमान आला की हात जोडायच्या. काका तेव्हा संपानंतर मिल सुटून कायमचे गावी आले होते, सगळी पोरं "हनुमान हनुमान" करायची आणि काका प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे की ह्येका मी किंग काँगाक उचलताना बघलंय.

त्यानंतर २००३ ते २००९ राज्यसभेत राष्ट्रपतीनियुक्त खासदार, मधेच सिनेमात प्रेमळ आजोबा वगैरे, आणि १२ जुलै २०१२ ला मुंबईत राहत्या घरी गेले, वय ८३. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये नाव घातलं ते गेल्यावर सहा वर्षांनी.

याच काळातले आपले खाशाबा जाधव आठवले की मला खरंच वाईट वाटतं. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तिकडे जायला लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, मग पोलिसात नोकरी, १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला मरणोत्तर, तोही २००० च्या घरात. दारा सिंगच्या कुस्तीला तिकीट होतं, खाशाबांच्या कुस्तीला नव्हतं, एवढाच फरक, ताकदीचा नाही.

भाच्याला खरोखर आवड असेल तर टीव्ही बघून गादीवर उड्या मारू देऊ नका, मान दुखावेल. कोल्हापूरला चांगल्या तालमी आहेत, सुट्टीत महिनाभर ठेवून बघा, पहाटे उठून जोर-बैठका झेपल्या तर पुढचा विचार करा, आणि शाळा मात्र सोडायला लावू नका.