वाचकांचे प्रश्न : घरची गोधडी, परदेशी ग्राहक

प्रश्न : आमच्याकडील सहा-सात महिला जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या हाताने शिवतात. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत त्यांना चांगली मागणी असते. आता त्या घरबसल्या परदेशात विकाव्यात असे वाटते. त्यासाठी आधी वेबसाइट करून घ्यावी का, आणि कोणते परवाने लागतील?
– एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : वेबसाइट सध्या करू नका. नव्या वेबसाइटवर परदेशी ग्राहक आपणहून येत नाही, त्याला जाहिरातीचा खर्च करून आणावे लागते. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारपेठेत मात्र हाताने केलेल्या वस्तू शोधणारा ग्राहक आधीपासूनच असतो. तेथे एक वस्तू चार महिने मांडण्यासाठी 20 सेंट आणि ती विकली गेल्यावर 6.5 टक्के शुल्क द्यावे लागते. हे 6.5 टक्के केवळ गोधडीच्या किमतीवर नव्हे, तर ग्राहकाकडून घेतलेल्या टपालखर्चावरही आकारले जातात, आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क त्याहून वेगळे असते. त्यामुळे प्रदर्शनातल्या किमतीत टपालखर्च मिळवून दर ठरवला, तर तोटा शेवटी शिवणाऱ्या बायांच्या मजुरीतून भरून काढला जातो. आधी मजुरी ठरवा आणि मग किंमत.

परवान्यांपैकी पहिला म्हणजे आयात-निर्यात कोड, ज्याला आयईसी म्हणतात. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन आणि बँक खात्याच्या आधारे घरूनच मिळतो आणि त्याचे शुल्क 500 रुपये आहे. माहितीत काही बदल झाला नसला, तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर तो निष्क्रिय होतो आणि नेमके पार्सल तयार असताना ते ध्यानात येते. जीएसटीच्या बाबतीत, मालाची निर्यात ही आंतरराज्य विक्री मानली जाते, म्हणून ‘आमची उलाढाल लहान आहे’ एवढ्यावर नोंदणी टाळता येईल असे गृहीत धरू नका. हस्तकलेच्या वस्तूंसाठी असलेली सवलत तुम्हाला लागू होते की नाही, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्या. निर्यातीवर कराचा दर शून्य असतो आणि दरवर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून दिले की कर आधी भरून मग परत मागण्याचा खटाटोप वाचतो.

पार्सलसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे 2022 पासून सुरू झाली आहेत. निर्यातीचे टपाल बिल, म्हणजे पार्सलमधील मालाचे सीमाशुल्क खात्यासाठीचे घोषणापत्र, ऑनलाइन भरण्याची सोय तेथे आहे. ‘गिफ्ट लिहा, कोणी विचारत नाही’ असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. विकलेला माल भेट म्हणून दाखवणे ही खोटी घोषणा ठरते आणि त्या व्यवहाराचा निर्यात म्हणून कोणताही पुरावा हाती राहत नाही.

आता देश कोणता निवडावा, याकडे वळू. माझ्या मते तुमच्या धंद्याचे बरेचसे यश यावरच ठरेल. अमेरिकेत पूर्वी 800 डॉलरपर्यंतचे पार्सल आयात शुल्काविना जात असे. ही सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून सर्व देशांसाठी बंद झाली आणि त्यानंतर शुल्काचे दरही बदलत राहिले आहेत. ग्राहकाने पैसे भरले असतानाही दारात पुन्हा शुल्क मागितले गेले, तर तो पार्सल नाकारतो आणि परतीचा भुर्दंड तुमच्यावर येतो. युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून कमी किमतीच्या पार्सलवरही व्हॅट लागतो, शिवाय 13 डिसेंबर 2024 पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी तेथे एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो, जे एवढ्या लहान गटाला सुरुवातीला झेपणारे नाही. त्यामानाने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया सोपे आहेत. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या आणि ऑस्ट्रेलियात 1000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरील स्थानिक कर मोठी ऑनलाइन बाजारपेठ विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून वसूल करते, त्यामुळे दारात वाद होत नाही. हे नियम बदलू शकतात, म्हणून माल पाठवण्याआधी ते नव्याने पाहून घ्यावेत.

मोठी गोधडी जड असते, म्हणून बाळाच्या गोधड्या विकाव्यात असे सहज सुचते. परंतु अमेरिकेत 2008 च्या कायद्यानुसार 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंना सुरक्षाविषयक वेगळ्या अटी आणि चाचण्या लागू होतात. त्यापेक्षा मांडीवर घेण्याची लहान गोधडी किंवा धावदोऱ्याचे उशांचे अभ्रे मोठ्यांसाठी म्हणून विकणे शहाणपणाचे. कापड वापरलेल्या साड्यांचे आहे, हे वर्णनात ठळकपणे लिहा. ती उणीव नसून अनेक ग्राहक त्यासाठीच गोधडी घेतात, मात्र न सांगता पाठवली तर तीच गोष्ट तक्रारीचे कारण होते. मापे सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत द्या आणि फोटो दिवसाच्या उजेडात काढा. सुरुवात एकाच देशापासून करा, आणि पहिले पार्सल तेथे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने रीतसर विकत घेतलेले असू द्या, म्हणजे टपालाला किती दिवस लागतात आणि एकूण खर्च किती येतो हे प्रत्यक्ष कळेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायचे आहे. मलाही आयईसी आणि जीएसटी लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शिकवणी ही सेवा आहे, त्यामुळे मालाचे बहुतेक नियम तुम्हाला लागू होत नाहीत. साधारणपणे आयईसीची गरज पडत नाही आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक 20 लाख रुपये उलाढालीची आहे. फी बँकेमार्फत घ्या आणि परकीय रक्कम आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवा. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. शनिवारी आपल्याकडील संध्याकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे नऊ, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे मागे गेली की आठ. कॅलिफोर्नियात तर त्या वेळी उन्हाळ्यातही सकाळचे सहाच वाजलेले असतात. म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरची मुले एकाच तुकडीत घेऊ नका आणि वेळ ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे जाहीर करा. युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच बदलतात, हे निराळेच.

प्रश्न : एका परदेशी ग्राहकाने चुकून जास्त पैसे पाठवल्याचे सांगून फरकाची रक्कम दुसऱ्या खात्यात परत मागितली आहे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काहीही पाठवू नका. ही फसवणुकीची जुनी रीत आहे : मूळ रक्कम चोरीच्या कार्डावरून आलेली असते किंवा मुळात आलेलीच नसते, आणि तुम्ही पाठवलेला फरक मात्र खरा असतो. आपल्या बँकेत किंवा बाजारपेठेच्या खात्यात रक्कम प्रत्यक्ष जमा झाली आहे का ते पाहा. झाली असेल, तर संपूर्ण रक्कम आली त्याच मार्गाने परत करा आणि माल रोखून धरा. तुम्ही आधीच काही पाठवले असेल, तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.