बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये घराची किंमत कमी आली, आता टोकन बुडणार का?

ताई, तुमचा मेल नीट वाचला. हिशोब सोपा पडावा म्हणून सौदा 100 ला ठरला असं धरते, करारावर सह्या झाल्या, 10 टोकन देऊन झालं आणि मग बँकेचा व्हॅल्युअर घर बघून गेला तर त्याने किंमत लावली 90. विकणारे म्हणतायत ठरलेले पैसे द्या नाहीतर टोकन विसरा, आणि एजंट म्हणतोय व्हॅल्युअरला फोन करून आकडा वाढवून घेऊ.

एजंटचं अजिबात ऐकू नका, हे आधी सांगते. आकडा वाढवण्यासाठी व्हॅल्युअरवर दबाव आणायला अमेरिकेत तर थेट कायद्यानेच बंदी आहे, आणि बाकी कुठेही खोट्या आकड्यावर लोन उचललं की कागदावर सही तुमची असते, एजंटची नाही.

आता मुद्द्याचं. व्हॅल्युएशन कमी आलं म्हणून करार आपोआप रद्द होत नाही आणि ठरलेली किंमतही आपोआप उतरत नाही, बहुतेक लोक इथेच फसतात. फी तुम्ही भरली असली तरी ते व्हॅल्युएशन बँकेने स्वतःसाठी करून घेतलेलं असतं, उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे सुटतील का एवढंच तिला बघायचं असतं. आणि बँक साधारणपणे ठरलेली किंमत आणि व्हॅल्युएशन यातला जो आकडा कमी त्यावर लोन देते, म्हणजे 80 टक्क्यांच्या हिशोबाने 80 मिळणार होते ते आता 72 मिळतील आणि तुमच्या खिशातून 20 ऐवजी 28 जातील.

म्हणून करार काढा आणि त्यात लोनबद्दलची अट शोधा, आणि ती शब्द न् शब्द वाचा. 'लोन मंजूर झालं नाही तर टोकन परत' एवढंच लिहिलं असेल तर विकणारे म्हणणार की लोन मंजूर झालंय की, फक्त कमी झालंय, आणि त्यांच्या बोलण्यात दम आहे. पण 'अमुक रकमेचं लोन' असं लिहिलं असेल किंवा व्हॅल्युएशन सौद्याच्या किमतीइतकं यायला हवं अशी वेगळी अट असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, फक्त त्या अटीला जवळपास नेहमी मुदत असते आणि मुदत उलटली की चांगली अटसुद्धा उपयोगाची राहत नाही. अट पूर्ण झाली नाही असं कळवणारी नोटीस विकणाऱ्यांना करारात सांगितलेल्या पद्धतीनेच द्यायची, फोनवर बोललो होतो हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

अशी अटच नसेल तर टोकन धोक्यात आहे, खोटा धीर देत नाही. भारतात 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 करार मोडल्यावर वाजवी भरपाईपुरतंच बोलतं खरं, पण खरोखर बयाणा म्हणून दिलेली रक्कम जप्त करायला कोर्टांनी मान्यताही दिलेली आहे.

रिपोर्टची कॉपी बँकेकडे लेखी मागा. अमेरिकेत घराच्या पहिल्या तारणावर (म्हणजे घर विकलं तर ज्याचे पैसे आधी फिटतात असं) लोन असेल तर व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान 3 कामकाजाचे दिवस आधी ती द्यावीच लागते. त्यात क्षेत्रफळ, खोल्या, बांधकामाचं वय आणि तुलनेला कुठली विकलेली घरं घेतलीत, कधीची, हे बघा. 'आकडा कमी वाटतो' म्हणून बँक हलणार नाही, पण एक खोली मोजायची राहिली किंवा जवळच नुकतंच विकलेलं तसंच घर सोडून लांबचं धरलं असं कागदासकट दाखवलंत तर फेरविचार होऊ शकतो.

व्हॅल्युअरवर केस करू का असं विचारलंय. इंग्लंडमध्ये 1989 ला स्मिथ विरुद्ध एरिक बुश या खटल्यात कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेला व्हॅल्युअर साध्या घर घेणाऱ्यालाही जबाबदार धरला गेला, पण तिथे धुराड्याचा खालचा भाग काढलेला होता, वरच्या भागाला आधार आहे का हे त्याने तपासलंच नव्हतं आणि घर घेतल्यावर ते कोसळलं. तुमचं तसं नाही, त्यात वेळ घालवू नका.

विकणाऱ्यांशी जरूर बोला, लोन काढणारा पुढचा गिऱ्हाईक आला तरी त्यांना हाच आकडा भेटू शकतो हे शांतपणे सांगा. 95 वर जमलं तर तसा पुरवणी करार दोघांच्या सहीने करा आणि बँकेला कळवा. पण आज आधी ती मुदतीची तारीख बघा, दोनचार दिवसच उरले असतील तर बोलणी नंतर, आधी नोटीस द्या किंवा मुदतवाढ लेखी घ्या.