काजूच्या फांद्या ड्रममध्ये घालू नका, पेरू शोधा

म्हापशाच्या मित्राचा प्रश्न असा: जुन्या ड्रमचा स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) तयार आहे, अंगणात काजूच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग पडलाय. तो कोंबडीला चालेल, की ऑनलाइन हिकरीचे तुकडे मागवू?

दोन्ही नकोत. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी कशी भाजते, हे बिया भाजून फोडलेल्याला वेगळं सांगायला नको. सालीतला चीकही त्याच जातीचा. मी हा उद्योग एकदा करून बसलोय. निखारे लवकर पेटावेत म्हणून ओंजळभर टरफलं टाकली. दहा मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, घशात खवखव, आणि कोंबडी बाहेर काढली तर डांबर फासल्यासारखी. एक घास कडू लागला, बाकी सगळी पुरली. फांद्या टरफलांइतक्या वाईट नसतील, पण अंगणात पेरू असताना त्या वाटेला जायचं कशाला? आंबाही काजूच्याच कुळातला, म्हणून मी तो साल काढून, वर्षभर वाळवूनच वापरतो.

पेरूचं लाकूड घट्ट असतं, सावकाश जळतं, धूर सौम्य आणि किंचित गोडसर. कोंबडी, डुक्कर, बांगडा, सगळ्याला चालतं. चिकूही चांगला. हिकरी अमेरिकेतलं झाड, त्याचा धूर जड. आपल्या गावठी कोंबडीवर तो चढून बसतो. पॅकेटचे पैसे मांसाला घाला.

निलगिरी, चीड, पॅकिंगच्या फळ्या, प्लायवूड, रंगवलेलं लाकूड नकोच. कण्हेर आणि काजरा (कुचला) विषारी, त्यांना हातही लावू नका. नारळाचं सोडण धूर भरपूर देतं, पण आंबट. बांगड्याला पाच मिनिटं ठीक. करवंटी कच्ची जाळली तर काजळी धरते. तिचा कोळसा मात्र आचेसाठी उत्तम: खाली तो, वर पेरूचे मुठीएवढे तीन तुकडे. तेवढे पुरतात, कारण मांस थंड आणि ओलसर असतानाच धूर नीट धरतं. नंतर लाकूड टाकत राहिलात तर फक्त कडवटपणा वाढतो.

खरी गंमत झाडापेक्षा वाळण्यात आहे. ओल्या लाकडाची बरीच आच पाणी उडवण्यात जाते. लाकूड जळत नाही, धुमसतं आणि पांढरा दाट धूर सोडतं. तुम्हाला हवा पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. मी पाऊस गेल्यावर, नोव्हेंबरात, मनगटाएवढ्या फांद्या वीतभर कापून मधोमध फोडतो आणि पडवीत रचतो. एक तुकडा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. एरवी दोन तुकडे एकमेकांवर आपटा: टणटण वाजले तर वाळले, थप्प वाजले तर अजून थांबा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल पुन्हा शोषली जाते, म्हणून पावसाळ्यात माझे तुकडे चुलीवरच्या माळ्यावर असतात. आणि ते तुकडे पाण्यात भिजवायचं खूळ सोडा, आधी नुसती वाफ निघते.

ड्रम ११० ते १२० अंशांवर ठेवा. कोंबडीच्या मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ दाखवेपर्यंत झाकण उघडायचं नाही. शेवटी आच थोडी वाढवा, नाहीतर कातडी रबरासारखी राहते.

थंड धुराचं, म्हणजे मांस न शिजवता नुसता धूर देण्याचं विचारलंत, तर आपल्या ३० अंशांच्या हवेत कच्चं मांस तासन्‌तास टांगून ठेवणं म्हणजे जंतूंना आवतण. चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं डुकराचं सॉसेज, टिकतो तो मीठ, व्हिनेगर आणि वाळवण्यावर. धूर वरची चव. मीठ-व्हिनेगरचं प्रमाण एखाद्या जुन्या घरातून शिकून घ्या, माझ्याकडून नको, माझे पहिले दोन घाणे बुरशीने गेलेत.